घरफोडी ज्याच्या घरी, बेडी त्यालाच



आपलं पत्रक जमिनीचं. गायरान, वनहक्क, सातबारा, फेरफार, मोजणी यातच आपली पानं संपतात. मग या अंकात कॉम्प्युटर हॅकिंगचं काय काम, असं कोणी विचारलं तर त्याचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांत कॉम्प्युटरला कोणी हात लावून पाहिलेला नाही. पण हॅकिंग म्हणजे शेवटी काय? मालकाला न विचारता, कुलूप फोडून नाहीतर चोरकिल्ली लावून त्याच्या कॉम्प्युटरात, मोबाईलमध्ये शिरणं. घरफोडीच ती. आणि घरफोडी झाल्यावर पोलीस कोणाच्या दारात आधी जातात, हे पालावरच्या माणसाला शिकवायला शहरातून कोणी यायची गरज नाही.

पारधी साथींना विचारा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि जमातीच्या जमाती जन्मानं चोर ठरवल्या. पुढे तो शिक्का पारध्यांवरही बसला. १९५२ साली कायदा गेला, पोलिसांच्या डोक्यातून गेला नाही. बाजारगावात दुकान फुटलं की जीप पहिल्यांदा पालाकडं वळते. आणि पालावरच्याच माणसाची शेरडं चोरीला गेली, झोपडी कोणी पेटवली, तर त्याला सांगतात, उद्या ये, साहेब बंदोबस्ताला गेलेत. फिर्याद घ्यायला उद्या, आणि धरून न्यायला आज रात्री! कायदा एकच, पण माणूस बघून त्याची चाल बदलते.

आमचं म्हणणं असं आहे की हॅकिंगच्या कायद्यातही नेमकं हेच चाललंय. कोणाला धरलं जातं एवढाच प्रश्न नाही. कोणाच्या घरफोडीला घरफोडी म्हणायचं, हा खरा प्रश्न आहे.

कायदा साधा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. त्याच्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात शिरणं, त्यात विषाणू सोडणं, त्यातली माहिती काढणं किंवा बदलणं हे सगळं येतं. ते लबाडीनं केलं तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी स्वतः गुन्हा नोंदवून तपासाला लागावं असा. कॉम्प्युटर बँकेचा असेल तर गुन्हा आणि कार्यकर्त्याचा असेल तर नाही, असं त्या कलमात कुठंही लिहिलेलं नाही.

आता पुण्यातच बघा. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत कोणीतरी शिरलं आणि बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. सगळे मिळून ९४ कोटींच्या घरात. पुणे पोलिसांनी लगेच गुन्हा नोंदवला, विशेष पथक नेमलं, कोल्हापूर, मुंबई, इंदूर इथल्या एटीएमचे कॅमेरे तपासले. चांगलंच केलं. ठेवीदारांचा पैसा होता तो. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टानं ११ जणांना शिक्षा सुनावली.

हे ११ जण कोण? हातात बनावट कार्डं घेऊन एटीएमच्या खोलीत उभं राहून नोटा काढणारे. हिश्शाच्या आशेनं आलेले. ते निर्दोष होते असं आम्ही म्हणत नाही. पण बँकेच्या यंत्रणेचं कुलूप ज्यांनी उघडलं ते हे नव्हेत. ते परदेशात कुठं बसले होते त्यांच्यापर्यंत हात पोचला नाही. वाळूच्या धंद्यात आपण हेच बघतो ना? ट्रॅक्टरचा डायव्हर आत, ठेकेदार सत्काराच्या स्टेजवर. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा. बँकेनं ‘आमच्या कॉम्प्युटरात कोणीतरी शिरलं’ असं सांगितल्यावर पोलिसांनी बँकेच्या मॅनेजरला बेड्या घातल्या नाहीत. तिची फिर्याद खरी मानली आणि चोराच्या मागे लागले. पोलीस हे करू शकतात, हे त्यांनीच सिद्ध केलं.

आता दुसरी तऱ्हा. कुलूप कच्चं आहे असं सांगणाऱ्यालाच धरायचं. हैदराबादचे तंत्रज्ञ हरी प्रसाद यांनी २०१० साली परदेशी अभ्यासकांना सोबत घेऊन एक मतदान यंत्र उघडून दाखवलं. यंत्र हातात आलं तर त्यात फेरफार करून निकाल बदलता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. निवडणूक आयोग म्हणत होता, आमच्या यंत्रात काही करताच येत नाही. २१ ऑगस्ट २०१० ला मुंबई पोलीस हैदराबादला त्यांच्या घरी गेले आणि त्यांना मुंबईला घेऊन आले. आरोप काय, तर ते यंत्र मुंबईच्या सरकारी कोठारातून चोरीला गेलेलं आहे. यंत्र तुला कोणी दिलं त्याचं नाव सांग, हाच धोशा. त्यांनी नाव सांगितलं नाही. आठवड्यानंतर जामीन झाला. आता यंत्र कोठारातून गेलं असेल तर चौकशी करायलाच हवी, पण कोठाराची किल्ली कोणाकडं होती हे आधी विचारायचं की दोष दाखवणाऱ्याचं घर आधी गाठायचं? रेशनच्या काट्यात खोट आहे म्हणून ओरडणाऱ्या बाईवरच सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लावतात, त्यातलीच ही गत.

हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. अमेरिकेत ॲरन स्वार्ट्झ नावाच्या पोरानं एका विद्यापीठाच्या नेटवर्कमधून लाखो शोधनिबंध उतरवून घेतले. ते निबंध ज्या संस्थेकडं होते तिनं आपलं भांडण मिटवलं. सरकारी वकिलांनी सोडलं नाही, कलमं वाढवत तेरापर्यंत नेली. ११ जानेवारी २०१३ ला त्यानं जीव दिला. वय २६.

पण तिसरी तऱ्हा या दोन्हींपेक्षा वाईट आहे, आणि ती थेट आपल्या माणसांवर चालली. भीमा कोरेगावच्या केसबद्दल आपण सगळ्यांनी ऐकलंय. १ जानेवारी २०१८ ला तिथं दंगल झाली, दलित बांधवांवर दगडफेक झाली. दुसऱ्याच दिवशी फिर्याद दाखल झाली ती मिलिंद एकबोटे आणि संभाजी भिडे यांच्यावर. एकबोटेंना मार्चमध्ये अटक झाली, महिनाभरात जामीनही मिळाला. भिडेंना अटक झालीच नाही. मग तपासाची गाडी वळली ती आदल्या दिवशीच्या शनिवारवाड्यावरच्या एल्गार परिषदेकडं, आणि तिथून वकील, प्राध्यापक, कवी, कार्यकर्ते यांच्याकडं. ६ जून २०१८ ला पहिले पाच धरले: सुधीर ढवळे, सुरेंद्र गडलिंग, शोमा सेन, महेश राऊत, रोना विल्सन. पुढे वाढत वाढत आकडा सोळावर गेला. कलम कोणतं? यूएपीए.

यातली माणसं कोण आहेत ते बघा. महेश राऊत गडचिरोलीत ग्रामसभांसोबत वनहक्क, तेंदू आणि बांबूच्या हक्कावर काम करायचा, सुरजागडच्या खाणीला विरोध करणाऱ्या गावांच्या बाजूनं उभा होता. सुरेंद्र गडलिंग नागपूरचे वकील, गरीब आदिवासींच्या केसा लढणारे. फादर स्टॅन स्वामी झारखंडचे. नक्षलवादी म्हणून तुरुंगात सडणाऱ्या आदिवासी पोरांची यादी करून ते हायकोर्टात गेले होते. म्हणजे जमिनीच्या लढाईत आपल्याला ज्यांची गरज पडते, तीच माणसं.

आणि पुरावा? मुख्य पुरावा म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये सापडलेली पत्रं.

इथून पुढं नीट वाचा, घाई करू नका. रोना विल्सन यांच्या कॉम्प्युटरची पोलिसांनी घेतलेली नक्कल त्यांच्या वकिलांनी अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीकडून तपासून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल आला. १३ जून २०१६ ला विल्सन यांना वरवरा राव यांच्या खात्यावरून ई-मेल आला. त्यातली फाईल त्यांनी उघडली. उघडताच ‘नेटवायर’ नावाचा विषाणू आत बसला. तेव्हापासून बावीस महिने कोणीतरी परका माणूस त्या कॉम्प्युटरमध्ये मालकासारखा वावरत होता. कोणती कळ दाबली, काय लिहिलं, कोणती फाईल कुठं ठेवली, सगळं त्याला दिसत होतं. आणि त्यानं नुसतं पाहिलं नाही. एक लपवलेला फोल्डर तयार केला आणि त्यात एकेक करून पत्रं आणून ठेवली. आरोपपत्रातली महत्त्वाची दहा पत्रं तीच. त्या कॉम्प्युटरवर ती पत्रं कधी कोणी उघडल्याची खूण आर्सेनलला सापडली नाही. वर आणखी, ती पत्रं वर्डच्या ज्या नव्या आवृत्तीत तयार झाली होती ती आवृत्ती विल्सन यांच्या कॉम्प्युटरवर नव्हतीच. त्यांच्याकडं जुनी, २००७ ची होती.

आपल्या भाषेत सांगायचं तर, तुम्ही शेतात असताना कोणीतरी तुमच्या नावानं फेरफार घातला, तुमच्याच पेटीत खोटं खरेदीखत ठेवलं, आणि मग पंचांना घेऊन पेटी उघडली. पंचनामा खरा. कागद पेटीत होता हेही खरं. कागद ठेवला कोणी?

गडलिंग यांच्या कॉम्प्युटरचा अहवाल जुलै २०२१ मध्ये आला. तिथंही तोच विषाणू, वीस महिने मुक्काम, चौदा कागद. स्टॅन स्वामींच्या कॉम्प्युटरचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला. ऑक्टोबर २०१४ पासून कोणीतरी आत होतं आणि चाळीसहून अधिक फाईली त्यानं आणून ठेवल्या. पुणे पोलिसांनी तो कॉम्प्युटर १२ जून २०१९ ला जप्त केला. आर्सेनलच्या म्हणण्यानुसार आदल्या दिवशी, ११ जूनला, त्या घुसखोरानं आपल्या पाऊलखुणा पुसायची धडपड केली. उद्या सकाळी पोलीस येणार आहेत हे चोराला आज कसं कळलं? हा प्रश्न आम्हीच नाही, तिसरीतलं लेकरूही विचारील.

हा अहवाल आला तेव्हा स्टॅन स्वामी नव्हते. ८ ऑक्टोबर २०२० ला त्यांना रांचीहून उचललं तेव्हा वय ८३. कंपवातानं हात थरथरत, भांडं धरता येत नसे. पाणी प्यायला नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला आणि त्या अर्जाची तारीख वीस दिवसांनी लागली. ५ जुलै २०२१ ला ते मुंबईच्या इस्पितळात वारले, कैदी म्हणूनच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सेंटिनेलवन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनं सांगितलं की ही एकाच टोळीची कामं आहेत आणि ती टोळी कैक वर्षं कार्यकर्ते, वकील, पत्रकार यांच्या मागे आहे. त्याच वर्षी जूनमध्ये ‘वायर्ड’ या मासिकानं छापलं की हॅक झालेल्या काही ई-मेल खात्यांवर, खातं परत मिळवण्यासाठी म्हणून, जो ई-मेल पत्ता आणि फोन नंबर जोडला गेला होता तो पुणे पोलिसांच्या एका अधिकाऱ्याशी जुळतो. बातमी खरी की खोटी ते कोर्टानं ठरवावं. पण ठरवायला आधी तपास तर पाहिजे! रोना विल्सन फेब्रुवारी २०२१ मध्येच मुंबई हायकोर्टात गेले, हे कागद कोणी पेरले याचा विशेष पथक नेमून शोध घ्या म्हणाले. एनआयएचं उत्तर काय? आर्सेनलचा अहवाल आरोपपत्राचा भाग नाही, तो आता बघता येणार नाही, जे काय ते खटल्यात बघू. आणि खटला? जानेवारी २०२५ मध्ये विल्सन आणि ढवळे यांना जामीन देताना हायकोर्टानं हेच पाहिलं की साडेसहा वर्षं झाली, आरोपही निश्चित झालेले नाहीत, साक्षीदार तीनशेच्या वर. महेश राऊतला तर सप्टेंबर २०२३ मध्येच हायकोर्टानं जामीन दिला होता, पण सुप्रीम कोर्टाच्या स्थगितीमुळे तो महिनोन् महिने आतच राहिला.

आता दोन्ही तागड्या समोर ठेवा. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणाऱ्याला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं, आणि गुन्हा जामीनपात्र. म्हणजे तो चोर उद्या सापडला तर जामीन त्याचा हक्क. आणि ज्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले, त्याला यूएपीए, जामीन जवळजवळ नाहीच. शिक्षा न होताच तो चोराच्या शिक्षेच्या दुप्पट आत राहून आला. चोरावर मात्र आजपर्यंत एकही आरोपपत्र नाही. कॉसमॉस बँकेची फिर्याद चालली. विल्सन, गडलिंग, स्वामी यांची फिर्याद हा ‘बचावाचा मुद्दा’ ठरला. शहर तेच, पोलीस तेच, कायद्याचं कलम तेच.

काही भली माणसं म्हणतात, प्रकरण कोर्टात आहे, तुम्ही कशाला बोलता. आम्ही कोणाला दोषी किंवा निर्दोष ठरवत नाही. एकच विचारतो. एकाच घरात दोन गुन्हे झाल्याचा दावा आहे. एक सरकार म्हणतं तो, दुसरा घरमालक म्हणतो तो. पहिल्याचा तपास करायला देशभर छापे, दुसऱ्याचा तपास करायला एक हवालदारही का नाही? ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे. ती ललिता कुमारी इथं कुठं गेली?

आणखी काही म्हणतात, परदेशी कंपनीच्या अहवालावर कशाला विश्वास ठेवायचा, आरोपींच्या बाजूनंच तर तो मागवला. नका ठेवू. आपल्या देशातल्या तज्ज्ञांना द्या, कोर्टानं नेमलेल्यांना द्या, दोन्ही बाजूंसमोर तपासा. कोंबडं झाकून ठेवल्यानं उजाडायचं थांबत नाही.

कॉम्प्युटरचा पुरावा किती काटेकोरपणे तपासायचा हे कोर्टाला ठाऊक नाही असंही नाही. आपल्या शेजारच्या जालन्याचंच उदाहरण आहे. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल पडले. खोतकरांचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा वाद. निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाची सीडी पुराव्यात आली. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला: इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र पाहिजेच. तो निकाल आज देशभर वापरला जातो. आमदारकीच्या अर्जाला उशीर झाला की नाही, यासाठी एवढा खल! व्हावा, आमची काही तक्रार नाही. पण त्याच काट्यानं आदिवासींसाठी लढणाऱ्यांच्या हार्डडिस्कही मोजा. जप्ती करतानाच हॅश व्हॅल्यू आम्हाला दिली नाही, असं भीमा कोरेगावचे आरोपी पहिल्यापासून सांगत आलेत.

हॅश व्हॅल्यू म्हणजे काय ते इथंच सांगतो, कारण पुढे उपयोगी पडेल. तो डिस्कचा अंगठ्याचा ठसा. आकड्याअक्षरांची लांबलचक ओळ. आतलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो. जप्तीच्या वेळी ठसा लिहून घेतला तर नंतर पोलीस ठाण्यात किंवा प्रयोगशाळेत कोणी काही घातलं की पकडता येतं. नाही घेतला, तर तुमचा शब्द विरुद्ध साहेबाचा शब्द.

मोबाईलचीही तीच कथा. २०१९ च्या शेवटी व्हॉट्सॲपनं भारतातल्या शंभरावर लोकांना कळवलं की तुमच्या फोनवर पेगाससचा हल्ला झाला आहे. त्यात नागपूरचे वकील निहालसिंग राठोड, बस्तरच्या आदिवासींसोबत काम करणाऱ्या बेला भाटिया. पेगासस बनवणारी इस्रायलची एनएसओ कंपनी म्हणते, आम्ही ते फक्त सरकारांना विकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टातच वाचून दाखवलं की तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये कसला तरी विषाणू होता, तो पेगाससच असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि केंद्र सरकारनं समितीला सहकार्य केलं नाही. झालं. तिकडं अमेरिकेत मात्र व्हॉट्सॲप कंपनीनं एनएसओवर दावा लावला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या कोर्टानं एनएसओला जबाबदार धरलं. कंपनीचं दार फुटलं म्हणून कंपनीला न्याय. ज्या माणसांचे फोन फुटले ती माणसं तशीच.

हे सगळं बिडकीनला बसून का लिहायचं? कारण आपली जमीन आता कॉम्प्युटरमध्ये शिरली आहे. शेंद्रा आणि बिडकीन मिळून दहा हजार एकरांच्या आसपास जमीन दिल्ली–मुंबई कॉरिडॉरच्या ‘ऑरिक’ मध्ये गेली. तिथं कॅमेरे, पाणी, वीज, सगळं एका खोलीतल्या पडद्यावर. त्यांच्या कॉम्प्युटरला कोणी धक्का लावला तर काय होईल हे सांगायला नको, रात्रीतून गुन्हा. इकडं आपला सातबारा ऑनलाईन, फेरफार ऑनलाईन, २०२१ पासून पीक पाहणीही मोबाईलवर. गायरान कसणाऱ्यांच्या हातात १४ एप्रिल १९९० च्या आधीच्या कबज्याचा पुरावा म्हणून जी १-ई ची नोंद आहे, ती उद्या कोणत्या तरी यंत्रात चढवली जाईल, आणि चढवताना गाळली गेली तर? नोंद गाळली, नाव बदललं, क्षेत्र कमी केलं, तर ती कलम ४३ मधली छेडछाड आहे, हे लिहून ठेवा. तक्रार करायला गेल्यावर ‘तांत्रिक अडचण’ असं म्हणतील. आणि एखाद्या वस्तीवरचं पोरगं सेवा केंद्रात बसून चुकून दुसऱ्याच्या लॉगिननं दाखला काढील, तर तो मात्र ‘हॅकर’.

गुंठेवारी आणि गायरान यांचाच न्याय हा. शहरात बेकायदा प्लॉट पाडून विकले, त्यांच्यासाठी २००१ चा कायदा आहे, मुदत वाढवत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. आपण पोटासाठी कसलेल्या गायरानाला मात्र १९९० च्या पुढं एक दिवस मिळत नाही, नोटिसा तेवढ्या मिळतात.

म्हणून आमची मागणी. भीमा कोरेगावच्या आरोपींच्या कॉम्प्युटरमध्ये कोण शिरलं याचा कोर्टाच्या देखरेखीखाली स्वतंत्र तपास व्हावा, आणि तो पुणे पोलीस किंवा एनआयए यांच्याकडं नसावा. त्याच्या निकालाआधी त्या पत्रांवर कोणालाही एक दिवस आत ठेवू नये. आणि जमिनीच्या ऑनलाईन नोंदीत छेडछाड झाल्याची गरिबानं दिलेली तक्रारही बँकेच्या तक्रारीसारखीच त्याच दिवशी दाखल व्हावी.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपण सावध राहायचं. मोर्चात, अतिक्रमण पथकाच्या झटापटीत आपल्या पोरांचे मोबाईल काढून घेतले जातात आणि बहुतेक वेळा त्याचा कागदही मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू लिहायची जागा आहे. दोन्ही मागा. पंचनाम्यात मोबाईलची कंपनी, रंग, आयएमईआय नंबर लिहायला लावा, फोन समोरच बंद करून पाकिटाला सील करायला सांगा, कोऱ्या कागदावर सही-अंगठा नको. पासवर्ड मागितला तर वकिलाशी बोलल्याशिवाय उत्तर देऊ नका. आणि अनोळखी नंबरवरून लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल येते ती उघडू नका. लग्नाचं आवतन द्यायला माणूस घरी येतो, फाईल येत नाही.

वरच्या मागण्यांचा ठराव वस्त्यावस्त्यांच्या बैठकीत घ्यावा. एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक हायकोर्टाच्या खंडपीठाच्या प्रबंधकांना. टपालानं पाठवली तर स्पीड पोस्टनं पाठवा, हातानं दिली तर पोच घ्या, आणि शिक्क्यावरची तारीख वाचता येते की नाही ते तिथंच खिडकीपाशी उभं राहून बघा.